खोट्या तुळईवरचं नाव

शरयू,

काल मी तुझं नाव एका दारावरून उतरवून घेतलं. गेलेल्या माणसाचं नाव कुठेतरी लागावं म्हणून लोक धडपडतात. मी ते काढायला लावलं, आणि त्यासाठी भांडले. मी भांडले, हे ऐकून तुला आधी हसूच येईल. भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तरी मी तो मुकाट्याने घरी आणायचे, आणि तू माझ्या हातातून पिशवी हिसकावून परत बाजारात जायचीस. आपल्या दोघींत भांडणाचं खातं तुझ्याकडे होतं. आता ते माझ्याकडे आलं आहे, आणि मला ते मुळीच नको होतं.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. राग मात्र तुझ्या शोकसभेपासून साचत आला आहे. ती सभा खारघरला, तू शिकवायचीस त्या आर्किटेक्चर कॉलेजच्या अंगणात झाली. तुझा फोटो, त्याला इतका मोठा हार की हनुवटी दिसेना. प्राचार्यांनी सांगितलं की शरयू मॅडमना 'व्हिंटेज' घरांची फार पॅशन होती. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मॅडमनी इंग्लंडचं सौंदर्य आपल्या मातीत आणलं. लोक माना डोलावत होते. मी आयुष्यभर ग्रंथालयात कुजबुजत बोललेली बाई. उठून उभी राहिले असते तरी आवाज फुटला नसता. पण मनात ओरडत होते की तिनं काहीही आणलं नाही हो! आपल्याकडे आधीपासून काय आहे ते दाखवायला ती तिकडचं उदाहरण द्यायची, एवढंच.

आणि खुर्च्या कुठे मांडल्या होत्या, सांगू? तुझी चौकट जिथे उभी होती तिथेच. विद्यार्थ्यांकडून तू करून घेतलेली ती लाकडी चौकट, खोलीएवढी, खांब, तुळया आणि तिरके टेकू असलेली, एकही खिळा नसलेली. गाड्या लावायला जागा हवी म्हणून तू असतानाच त्यांनी ती खोलली आणि जनरेटरच्या खोलीमागे टाकली. तू तेव्हा काही बोलली नाहीस, त्याचाही मला राग आहे. तर त्या अंगणात एक वक्ते म्हणाले, 'मॅडमचं काम आपल्यामध्ये उभं आहे.' कुठे उभं आहे? आडवं पडलंय, ताडपत्रीखाली.

तुझं ते इंग्लंडमधलं घर मी कधी पाहिलं नाही. तरीही त्यात मला डोळे मिटून हिंडता येईल. तरुणपणी तू तिकडे शिकायला गेलीस आणि एका जुन्या शेतघराच्या दुरुस्तीवर काही महिने राबलीस. 'शेतघर' हा शब्द मी सुचवला होता. 'फार्महाउस' म्हटलं की पनवेलच्या माणसाला पोहण्याचा तलाव आणि शनिवारचे पाहुणे आठवतात, असं तूच म्हणायचीस. पनवेलच्या तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत, चहाच्या कपांमध्ये बिस्किटं उभी करून, तू ते घर मला कितीदा तरी बांधून दाखवलंस.

दगडाचं बुटकं जोतं. त्यावर आडवी ओकची तुळई, तिच्यावर खांब, खांबांवर पुन्हा तुळया, वर वासे. झाडाचा बुंध्याकडचा भाग जाड असतो, म्हणून खांब उभा करताना झाड उलटं करायचं, बुंधा वर, म्हणजे वरच्या तुळयांना टेकायला जास्त लाकूड मिळतं. भिंतींनी काही उचलायचं नाही. भिंत फक्त वारा अडवते. ती पडली तरी घर उभं राहतं. एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, दुसऱ्यात खाच, आणि दोन्हींतून आरपार लाकडाची खुंटी. जिभेतलं छिद्र खाचेच्या छिद्रापासून मुद्दाम जरासं चुकवायचं. मग खुंटी ठोकताना ती सरळ जायला धडपडते आणि त्या धडपडीत दोन्ही लाकडं एकमेकांत घट्ट ओढली जातात. 'छिद्रं तंतोतंत जुळली तर सांधा सैल राहतो,' तू म्हणायचीस आणि बिस्किट चहात बुडवायचीस. आपलंही तसंच आहे, असं मला तेव्हा म्हणायचं होतं. राहून गेलं.

घराच्या मधल्या खोलीचे वासे काळेकुळकुळीत होते. तू पहिल्यांदा पाहिलेस तेव्हा तुला वाटलं, आग लागली असेल. मग कळलं की धुराडं फार नंतर बांधलं. आधी खोलीच्या मधोमध उघडी चूल असायची आणि धूर छपरातून वाट काढत जायचा. पिढ्यान्पिढ्यांच्या भाकरीची काजळी, असं तू म्हणालीस. त्यांच्या पावाला तू भाकरी म्हणालीस, हे मला फार आवडलं होतं.

आणि आकडे. त्या आकड्यांविषयी बोलताना तुझा आवाज बदलायचा. सुतार अख्खी चौकट आधी आपल्या आवारात जमिनीवर आडवी मांडून जुळवायचे, मग खोलून गाड्यांवर लादून शेतावर न्यायचे. तिथे गोंधळ नको म्हणून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीने एकच आकडा कोरायचा. उभ्या रेघा आणि फुल्या. हाताने कापलेला प्रत्येक सांधा वेगळा, त्यामुळे एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत जात नाही. ब्रशने धूळ झाडता झाडता तुला चार उभ्या रेघा दिसल्या. शेजारच्या तुळईवरही चार. त्याचा फोटो तू काढलास आणि दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला पडद्यावर दाखवलास. त्या माणसाचं नाव कुठेच नाही, तू सांगायचीस, पण कुठलं लाकूड कुठे जातं, हे तो अजून सांगतोय.

हे ऐकून पोरं आळसावली की तू त्यांना बसमध्ये घालून आपटा गावाकडे न्यायचीस. त्यातल्या एका सहलीला मीही होते. पाताळगंगेच्या काठच्या एका गावात निलेश नावाच्या तुझ्याच विद्यार्थ्याच्या आत्याचं घर होतं. सागाचे खांब, वर कौलं, आणि खांबांच्या मधे कुडाच्या भिंती: कारवीच्या काठ्या विणून वर माती-शेणाचा लेप. घर अगदी टणटणीत, अंगण सारवलेलं. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय गो बाय, शेनाची भिंत बगाला एवडी पोरं आनलीस? तुमच्या खारघरला भिंती नाय?"

"आहेत, पण त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही," तू म्हणालीस. मग तिच्या ओट्यावर मांडी घालून तू तिला सांगितलंस की इंग्लंडमधल्या त्या घरातही खांबांच्या मधे काठ्याच विणलेल्या होत्या, आणि वर चिखल, गवत आणि शेण.

"शेन? गोऱ्यांच्या घरान?"

"हो. गाईचं."

आत्याने पदर कमरेला खोचला. "मंग नाक वर करून कशाला फिरतात?"

सगळा वर्ग हसला. तू तर ओट्यावरून पडायची बाकी होतीस. निलेश तेवढा हसला नाही. तो विहिरीजवळ मान खाली घालून उभा होता; वर्गाने आपल्या आत्याची शेणाची भिंत पाहिली, याची त्याला लाज वाटत होती. परत येताना बसमध्ये तू त्याच्या शेजारी जाऊन बसलीस. काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही.

तोच निलेश परवा माझ्याकडे आला. आता मोठा बिल्डर आहे, पांढरा शर्ट, दोन फोन. आपट्याच्या वाटेवरची त्याची बंगल्यांची स्कीम तुला माहीतच आहे. स्कीमचं नाव इंग्रजी आहे आणि त्यात 'ओक' आहे. तिथे एकही ओक नाही. गेल्या वर्षी त्याने तुला ती पाहायला बोलावलं होतं आणि तू फाटकातूनच परत आलीस. सिमेंटच्या पांढऱ्या भिंतींवर काळ्या पट्ट्या चिकटवून त्याने 'इंग्लिश फार्महाउस' उभी केली होती. 'जे लाकूड काही उचलत नाही त्याला लाकूड म्हणू नये,' तू घरी येऊन म्हणालीस, आणि रागात माझाही चहा प्यायलीस.

"काकू," निलेश म्हणाला, "मॅडमसाठी काहीतरी करायचं होतं. क्लब हाउसला मॅडमचं नाव देतोय. रविवारी उद्घाटन. पडदा तुम्ही ओढायचा. मॅडमच्या सगळ्यात जवळच्या तुम्हीच."

मी हातातला कप खाली ठेवला. तुझं नाव? त्या पट्ट्यांवर? मी एवढंच म्हटलं, "आधी मला दाखव."

काल त्याने गाडी पाठवली. क्लब हाउस नदीकडे तोंड करून आहे. लांबून खरंच सुंदर दिसतं, आणि याचाच मला जास्त राग आला. जवळ गेल्यावर एकेक दिसायला लागलं. खांबासारखी पट्टी वरून खाली येते आणि खिडकीवर पोचताच थांबते. खिडकीखाली पुन्हा सुरू होते. म्हणजे छपराचं ओझं काचेने उचललंय म्हणायचं. तिरका टेकू निघतो भिंतीच्या मधूनच आणि पोचतो एसीच्या डब्यापाशी. तू असतीस तर तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस. दारावरच्या तुळईवर पितळी अक्षरं बसवलेली होती. शरयू मॅडम क्लब हाउस. खाली बारीक अक्षरांत: त्यांच्या प्रेरणेने.

"काकू, हे बघा," निलेश उत्साहाने म्हणाला. "हे मी मुद्दाम करून घेतलं."

त्याने बोट ठेवलं तिथे, पट्ट्या जुळल्याचं सोंग होतं त्या जागी, चार उभ्या रेघा होत्या. तुझ्या फोटोतल्या त्याच. तीच तिसरी रेघ जराशी वाकडी. मी पुढच्या सांध्याकडे पाहिलं. चार. त्याच्या पुढच्यावर चार. दाराच्या दोन्ही बाजूंना चार, वर छपराखाली चार, पार कोपऱ्यापर्यंत चार चार चार. एकच साचा करून सगळीकडे तोच ओतला होता.

शरयू, मला इतका राग कधी आला नव्हता. नवऱ्यावर कधी नाही, तू गेल्यावर देवावरही नाही.

"नाव काढ," मी म्हटलं.

"काय?"

"तिचं नाव काढ इथून. आत्ता."

त्याला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकतंय. मग त्याचाही चेहरा तापला. "काकू, मी प्रेमानं केलंय हे."

"ते दिसतंय. म्हणूनच जास्त राग येतोय. पैशासाठी केलं असतंस तर मी गुपचूप घरी गेले असते."

"लोकांना आवडतंय. इथे खरं लाकूड कोणाला हवंय? वाळवी लागते, पावसात फुगतं, सांभाळायचं कोणी?" आणि मग तो म्हणाला, आणि हे मी तुला सांगणारच, कारण ते त्याने नेमकं तुझ्या मर्मावर मारलं: "मॅडम तरी कुठे लाकडाच्या घरात राहिल्या? शेवटपर्यंत पनवेलला सिमेंटच्या फ्लॅटमध्येच होत्या ना?"

"होती. पण त्या फ्लॅटला तिने कधी लाकूड चिकटवलं नाही. सिमेंटला सिमेंटच म्हटलं तिनं."

आतले रंगारी हात थांबवून आमच्याकडे पाहत होते. इतक्या मोठ्या आवाजात मी बोलू शकते हे मलाच नवीन होतं. मी त्या चार रेघांवर बोट ठेवलं. "हा चार कशाचा रे?"

"मॅडमच्या स्लाइडमधला."

"ते कळलं. त्या घरात हा चार होता कारण त्याच्या अलीकडे तीन होता आणि पलीकडे पाच. तुझा तीन कुठाय?"

निलेश पट्ट्यांकडे पाहत राहिला, डावीकडून उजवीकडे, सगळ्या चारांवरून. मला वाटलं, आता हा मला गाडीत बसवून देणार. मग तो अगदी हळू म्हणाला, "माझा सात होता."

"कुठे?"

"कॉलेजच्या चौकटीत. मॅडमनी प्रत्येकाला एकेक सांधा दिला होता. माझा सात. पहिल्यांदा जीभ जाड झाली, बसेचना. मी आठच्या खाचेत घालून बघितलं, तिथेही नाही. मॅडम म्हणाल्या, उगाच फिरू नकोस, सात फक्त सातात जाईल, तासत बस." तो एकदम हसला आणि लगेच तोंड फिरवलं. "सगळे घरी गेले तरी मी तासतच होतो. त्या पण थांबल्या होत्या."

त्याने कोणाला हाक मारली नाही. रंगाऱ्यांच्या पेटीतून पेचकस घेतला, शिडी लावली, आणि पांढऱ्या शर्टात स्वतः वर चढला. पहिली अक्षरं सहज निघाली. 'क्लब'चा स्क्रू मात्र घट्ट होता. त्याने जोर लावला आणि अक्षरासकट तुळईचा हातभर तुकडा निखळून खाली माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला. शरयू, तो खारी बिस्किटाइतका हलका होता. वरून काळा रंग, त्याखाली थर्माकोलसारखं काहीतरी पांढरं, आणि मागे नुसती भिंत.

क्लब हाउस तसंच राहणार, हेही निलेशने मला सांगून टाकलं. लोकांनी घरं घेतली आहेत, चित्रात जे दाखवलं ते द्यावं लागणार, उद्घाटनही होणार, दुसरं काहीतरी नाव शोधू. मी त्यावर भांडले नाही. तू भांडली असतीस. गाडीचं दार लावताना त्याने विचारलं, "ती चौकट आहे का हो अजून?" मी म्हटलं, आहे, जनरेटरच्या खोलीमागे. तो नुसता मान हलवून आत गेला. यातून काही निघेल, असं मी तुला सांगणार नाही. मला माहीत नाही.

आता आपल्या वादाकडे येते. तू समजू नकोस की तू गेलीस म्हणून तो सुटला. तुझ्या बाल्कनीतल्या शेवटच्या संध्याकाळी मी तुला पेचात पकडलं होतं. मी कुठेतरी वाचलं होतं की तिकडच्या त्या घरांची लाकडं मुळात काळी नव्हतीच. ओक उघडा ठेवला की रुपेरी होतो; कोणी त्यावर चुना फासला, कोणी फॅशन बदलली म्हणून सगळी चौकट गिलाव्याखाली झाकून टाकली, आणि पुष्कळ नंतर कोणाला तरी जुनं दिसायची हौस आली तेव्हा ती काळी रंगवली. "म्हणजे सोंग तर तुझ्या इंग्रजांनीही केलंच," मी म्हटलं. "मग निलेशवर एवढी का तुटून पडतेस?" तू डोळे बारीक केलेस. तुला राग आला होता आणि मजाही वाटत होती. "थांब, पुस्तकबाई. याला उत्तर आहे माझ्याकडे. पण चहा गार झालाय. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात नेलं. तिथे असलं काही विचारायची ती वेळ नव्हती. मी तुझे पाय चेपत बसले आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याचा राग कोणावर काढू?

तो तुकडा मी घरी आणला आहे. टेबलावर माझ्यासमोर ठेवून हे लिहिते आहे. सकाळी नखाने त्याचा रंग खरवडून पाहिला, आणि तू काय म्हणाली असतीस ते कळलं. तिकडे काळा रंग खरवडला की खाली लाकूड लागतं. चुना खरवडा, गिलावा फोडा, तरी लाकूडच लागतं, आणि तुम्ही त्याला काहीही फासलेलं असो, छप्पर त्यानेच धरलेलं असतं. रंगावर तुझा राग नव्हताच कधी. रंगाखाली कोणी आहे का, एवढंच तू विचारत होतीस.

म्हणजे तुझं उत्तर मलाच द्यावं लागलं. वाद असा एकटीने दोन्ही बाजूंनी लढायचा नसतो, शरयू. आणि माझं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही, हेही लिहून ठेवते. रविवारी कोणाची तरी मुलं त्या खोट्या खांबांभोवती लपाछपी खेळतील आणि मोठेपणी त्यांना तेच आपलं घर म्हणून आठवेल. त्यांच्या आठवणीलाही तू खोटी म्हणशील का? बोल ना.

दारावर आता पितळेच्या जागी स्क्रूंची भोकं आहेत. तुझं नाव तिथे नाही, कॉलेजच्या अंगणात नाही, कुठल्याच तुळईवर नाही. त्या शेतघराच्या सुताराचंही नव्हतं. ताडपत्रीखाली एका लाकडावर सात कोरलेला आहे, दुसऱ्या एका लाकडावर सात कोरलेला आहे, आणि तो कशात जातो हे सांगणारा एक माणूस काल शिडीवरून खाली उतरला.

माझं उत्तर बरोबर आहे का, तेवढं सांगायला तू हवी होतीस. चहा मी अजूनही दोघींचाच टाकते.